टपालाचं मत कुणाला?
(जालना जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



अंबड तालुक्यातल्या एका वस्तीवर मी मतदार यादी घेऊन बसले होते. एक बाई म्हणाली, "ताई, यादीत नाव हाय माझं, पण त्या दिशी आमी फडात असतो. पोस्टानं पैसे येतेत, मंग मत काहून जात नाही?" एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

टपाली मत आपल्याकडे मागेल त्याला मिळत नाही. सैनिक, निवडणुकीच्या कामावरचे कर्मचारी, प्रतिबंधक स्थानबद्धतेतले लोक, ८५ च्या पुढचे वृद्ध, ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेले, आणि आयोगाने ठरवलेल्या काही अत्यावश्यक सेवांतले. सैनिकाजवळ राहणाऱ्या बायकोलाही मिळे; पण बाई सैन्यात असली तर तिच्या नवऱ्याला नाही! नवरा बायकोमागे जाईल हे कायद्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. २०२१ च्या दुरुस्तीने 'पत्नी'च्या जागी 'जोडीदार' आला.

मतपत्रिका आतल्या पाकिटात, सोबत सही-साक्षांकन केलेलं घोषणापत्र, आणि दोन्ही मिळून बाहेरच्या पाकिटात. घोषणापत्र राहिलं की मत बाद. ज्या शिक्षिकांना, अंगणवाडीताईंना ड्यूटी लागते, त्यांनी २०२३ पासून हे मत सुविधा केंद्रातच द्यायचं आहे. मला ते बरं वाटतं. मतपत्रिका घरी गेली की ती कुणाच्या हातात पडते, आपण जाणतो.

वृद्ध आणि अपंगांसाठी नमुना १२-ड आहे. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत तो द्यायचा. मग पथक घरी येतं. एका आजीचा अंगठा मुलाने या अर्जावर घेतला, कशाचा ते सांगितलंच नाही. आजी लेकीकडे गेलेली. पथक दोनदा येऊन परत गेलं. मतदानाच्या दिवशी आजी एस.टी.ने आली, तर केंद्रावर सांगितलं, तुमचं नाव टपालात गेलंय, इथे मत नाही. म्हणून अर्ज भरताना आजीशीच बोला. आणि पथक आलं की खाटेभोवती जमलेल्या घराला बाहेर काढा.

आता फडातली बाई. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मुकादमाची उचल दोघांच्या डोक्यावर. २०२४ साली गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला, विधानसभेचं मतदान २० ला. मतदानाला भरपगारी सुट्टीचा कायदा आहे, रोजंदारीवाल्यांनाही. पण टनावर मजुरी घेणारीला सुट्टी कोण देणार, आणि गावी येण्याचं भाडं? उमेदवाराची गाडी येते ना, असं लोक म्हणतात. मतदारांची अशी फुकट ने-आण कायद्याने भ्रष्टाचार आहे, आणि त्या गाडीत बसून आलेली बाई मत कुणाला देणार तेही वर चढतानाच ठरलेलं असतं.

सरकार ज्यांना आपल्या कामासाठी घराबाहेर पाठवतं त्यांच्या मताची सोय आहे. पोट ज्यांना पाठवतं त्यांची नाही. स्थलांतरितांनी जिथे आहेत तिथूनच मत द्यावं, असं यंत्र निवडणूक आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये पक्षांपुढे मांडलं होतं. पक्षांनी शंका काढल्या, काही खऱ्याही होत्या. विषय तिथेच थांबला.

मागणी करायची तर आकडे हवेत. जाताना प्रत्येकीने एक वही न्या. गावातून किती कोयते गेले, त्यातल्या किती बायांचं नाव यादीत आहे, २० नोव्हेंबरला किती जणी परत आल्या आणि कुणाच्या खर्चाने, एवढंच लिहायचं. बायांना विचारून, मुकादमाला नाही. पुढच्या बैठकीला वह्या घेऊन या, मग जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे मिळून जाऊ.