बगिच्यात चोवीस पायऱ्या हव्यात

(रेडिओवरील भाषण)



महाशिवरात्र जवळ आली की वरुड-मोर्शीच्या पट्ट्यातली पावलं महादेवाकडे वळतात. कुणी सालबर्डीच्या भुयारातल्या महादेवाला जातं, कुणी खांद्यावर त्रिशूळ घेऊन पचमढी गाठतं आणि चौरागडाच्या हजारावर पायऱ्या चढतं. श्रद्धा माणसाला वर नेते, यात शंका नाही. पण अर्ध्या वाटेवर मांड्या भरून येतात, दम लागतो, छाती धडधडते आणि माणूस कठड्याला टेकतो. वय हे त्याचं एक कारण असेल, पण तेवढंच नाही. त्या पायांना वर्षभर पायरीच भेटलेली नसते. आपल्या शेंदूरजनाघाटच्या नावात घाट आहे, समोर सातपुडा आहे, तरी घर, दुकान, शाळा, बाजार हा आपला रोजचा वावर बहुतेक सपाटीवरचा. म्हणून आज एक साधी मागणी मांडायची आहे. गावाच्या बगिच्यात नीट मापाच्या, कठडा असलेल्या चोवीस पायऱ्या बांधाव्यात आणि लोकांनी सकाळ-संध्याकाळ त्या चढाव्यात-उतराव्यात. फिरण्याचा रस्ता जितका आवश्यक, तितक्याच या पायऱ्याही आवश्यक आहेत, असं माझं म्हणणं आहे.

आधी पायरी चढताना काय घडतं ते पाहू. सपाट रस्त्यावर आपण शरीर पुढे नेतो, पायरीवर ते वर उचलतो, आणि सगळा फरक या उचलण्यात आहे. पंधरा सेंटिमीटर उंचीच्या शंभर पायऱ्या म्हणजे पंधरा मीटर चढाई. साठ किलोच्या माणसाला तेवढं चढायला साधारण नऊ-दहा कॅलरी लागतात. आपल्या बागेतल्या एका मध्यम संत्र्यात पन्नासेक कॅलरी असतात, म्हणजे एका संत्र्याच्या बळावर पाचशे पायऱ्या चढता येतात. या हिशेबावरून कुणी म्हणेल की एवढ्या कष्टात एकच संत्रं जिरत असेल तर उपयोग काय? पण पायऱ्यांची खरी कमाई कॅलरीत मोजायची नसते. मांडीचा पुढचा स्नायू, कुल्ले आणि पोटऱ्या हे शरीरातले मोठे स्नायू एकदम कामाला लागतात, त्यांना रक्त पुरवायला हृदयाला जोर लावावा लागतो, आणि दोन-तीन मिनिटांत श्वास अशा ठिकाणी येतो की सोबत्याशी बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. चालून तिथवर पोचायला बराच वेळ झपाझप चालावं लागतं. ज्याच्याजवळ दिवसाची दहाच मिनिटं मोकळी आहेत, त्याला म्हणूनच पायरी जास्त देते.

याला पुरावा आहे, आणि तो सत्तर वर्षांपासून साठत आलेला आहे. लंडनमध्ये जेरेमी मॉरिस या डॉक्टरांनी दुमजली बसच्या चालकांची आणि वाहकांची तुलना केली आणि १९५३ साली ती 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. दोघंही एकाच बसवर, एकाच खात्यात. चालक दिवसभर बसून, तर वाहक तिकिटं फाडत दिवसाला सुमारे सहाशे पायऱ्या वर-खाली करणारा. वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला, आणि जडला तरी बहुधा उशिरा आणि सौम्य. यावर रास्त शंका निघाली की मुळातच सडपातळ माणसं वाहक होत असतील. मॉरिस यांनी ती टाळली नाही. त्यांनी बसखात्याच्या गणवेशांची मापं मिळवली आणि विजारीच्या कमरेचा घेर तपासला. चालक खरोखरच जाड होते. पण बारीक, मध्यम आणि जाड असे गट पाडले तरी प्रत्येक गटात वाहकच सुरक्षित ठरले. २०२३ साली ब्रिटनमधल्या साडेचार लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवरून निघालेला निष्कर्षही त्याच दिशेचा आहे. रोज पन्नासेक पायऱ्या चढणाऱ्यांत रक्तवाहिन्या अरुंद होऊन जडणाऱ्या हृदयविकाराचा व पक्षाघाताचा धोका सुमारे वीस टक्क्यांनी कमी दिसला. अशा पाहण्या संबंध दाखवतात, कार्यकारणाची शंभर टक्के हमी देत नाहीत, हे मान्य करायला हवं. तरी पन्नास पायऱ्या म्हणजे आपल्या चोवीस पायऱ्यांच्या जेमतेम दोन फेऱ्या. इतक्या थोड्या श्रमात इतका फायदा संभवत असेल तर वाट कशाची पाहायची?

पहिला आक्षेप गावातूनच येईल, की आम्ही शेतकरी-मजूर माणसं, आम्हाला व्यायाम काय शिकवता? जो मजूर संत्र्याचे क्रेट डोक्यावर घेऊन बागेतून गाडीपर्यंत दिवसभर खेपा करतो, त्याला पायऱ्या चढ म्हणणं अन्यायाचं आहे. त्याला विश्रांती हवी, पोटभर जेवण हवं. पण गाव आता तेवढंच राहिलेलं नाही. शेतात मोटरसायकलीने जाणं होतं, ओलिताला मोटरची कळ दाबली की ठिबक सुरू होतं. दुकानदार, शिक्षक, बँकेतले कर्मचारी, अभ्यासिकेत बसलेली मुलं, हे सगळे दिवसाचा मोठा भाग खुर्चीवर काढतात. रोपवाटिकेत उकिडवं बसून कलमांचे डोळे भरणाऱ्या बाईचे हात आणि कंबर थकते, पण तिच्या हृदयाला त्यात फारसा व्यायाम होत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीनुसार देशात दहा कोटींवर लोकांना मधुमेह आहे आणि प्रौढांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक जणांना उच्च रक्तदाब. ही दुखणी आता शहराच्या वेशीपाशी थांबत नाहीत.

दुसरा आक्षेप गुडघ्यांचा, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. बर्लिनच्या संशोधकांनी कृत्रिम गुडघ्यात मोजयंत्र बसवलेल्या रुग्णांवर मोजमाप केलं. पायरी चढताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे तिप्पट भार येतो, उतरताना साडेतीन पटीच्या आसपास. पण सपाट जमिनीवर चालतानाही तो अडीच पटीहून जास्त असतोच. म्हणजे निरोगी गुडघ्याला पायरी परकी नाही, आणि मांडीचा स्नायू मजबूत झाला की गुडघ्याला आधारच मिळतो. ज्यांच्या गुडघ्याला सूज आहे, पायरीवर कळ येते, ज्यांना छातीत दुखतं किंवा चक्कर येते, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नये. उतरण्याला घाबरून ते सोडूनही देऊ नये. तैवानमध्ये लठ्ठ वृद्ध स्त्रियांच्या दोन गटांची तुलना झाली, एक फक्त चढणारा, दुसरा फक्त उतरणारा. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बारा आठवड्यांनंतर उतरणाऱ्या गटाची हाडं, स्नायू आणि रक्तातली साखर यांत जास्त सुधारणा दिसली. उतरायचं ते सावकाश, कठड्याला हात ठेवून, अख्खा तळवा पायरीवर टेकवून.

तिसरा प्रश्न असा, की घरोघरी जिने आहेत, ओपन जिमची यंत्रं आहेत, मग वेगळा खर्च कशाला? घरचा जिना बहुधा अरुंद, उंच पायऱ्यांचा आणि अंधारा असतो. यंत्राचं बेअरिंग गेलं की ते गंजत उभं राहतं, आणि एका वेळी त्यावर एकच माणूस बसतो. काँक्रीटच्या पायरीला तेल लागत नाही, सुटा भाग लागत नाही, गावातला गवंडी ती बांधू शकतो आणि वीस माणसं एकाच वेळी तिच्यावर चढू-उतरू शकतात. त्याहून मोठं कारण बायकांचं आहे. २०२४ साली 'लॅन्सेट'च्याच एका नियतकालिकात आलेल्या आकड्यांनुसार भारतातल्या जवळपास ५७ टक्के प्रौढ स्त्रियांची शारीरिक हालचाल अपुरी आहे, पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के. साडीत किंवा सलवार-कमीजमध्ये, फीशिवाय, ओळखीच्या चार जणींबरोबर, उजेडात करता येईल असा व्यायाम त्यांना हवा आहे. पुण्याच्या पर्वतीच्या १०३ पायऱ्या रोज व्यायामासाठी चढणारे सगळ्या वयांचे आणि थरांचे लोक आहेत. तिथे टेकडी होती आणि देऊळ होतं, आपल्याला पायऱ्या बांधाव्या लागतील एवढाच फरक. सार्वजनिक व्यायाम आपल्या जिल्ह्याला नवा नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे. आणि दर्यापूर तालुक्यातल्या महिमापूरची सात मजली पायविहीर सांगते की भर सपाटीतही वऱ्हाडाने पायऱ्या मापात बांधल्या होत्या.

मापाचं महत्त्व मोठं आहे. राष्ट्रीय बांधकाम संहितेत सार्वजनिक इमारतींसाठी पायरीची उंची जास्तीत जास्त पंधरा आणि रुंदी किमान तीस सेंटिमीटर सांगितली आहे. त्या मापाच्या चोवीस पायऱ्यांना बारा फुटांच्या आसपास उंची लागते. बगिच्याच्या एका कोपऱ्यात मातीचा उंचवटा करून एका बाजूने चढ, दुसऱ्या बाजूने उतार करता येईल. मध्ये विसाव्याचा सपाट टप्पा, दोन्ही हातांना कठडा, खरखरीत पृष्ठभाग, वर दिवा आणि बाजूला कडुनिंबाची सावली हवी. सगळ्या पायऱ्या एकसारख्या हव्यात, कारण एखादी जरी उंच-ठेंगणी झाली तरी माणूस नेमका तिथेच अडखळतो. ज्यांना पायरी शक्य नाही त्यांच्यासाठी शेजारी रॅम्प हवाच. चढणाऱ्यांनी पहिला आठवडा तीन फेऱ्यांवर थांबावं, मग हळूहळू वाढवत दहा-बारांपर्यंत जावं, आणि एक दिवस आड विश्रांती घ्यावी. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो, तेव्हा सूर्य वर येण्याआधीची वेळ धरावी. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरू न देण्याची जबाबदारी मात्र नगरपरिषदेने घ्यावी.

श्रोतेहो, रस्ता, नाली, पाणी ही मागणी आपण प्रत्येक वॉर्डात करतो आणि ती करायलाच हवी. पुढच्या वेळी बगिच्याच्या निधीची चर्चा निघेल तेव्हा त्या यादीत या चोवीस पायऱ्याही लिहून द्या. निवेदनावर बायकांच्या सह्या आधी घ्या. आणि पायऱ्या बांधून होईपर्यंत शाळेचा, देवळाचा, ग्रामीण रुग्णालयाचा, जो सुरक्षित जिना वाटेत भेटेल तो दिवसातून दोनदा सावकाश चढा.