थोमा सुताराचा राजवाडा

श्रोतेहो, आपल्या कोकणातल्या सुताराला काय काय येतं, असं कुणी विचारलं तर तुम्ही काय सांगाल? नांगर येतो, जू येते, दाराची चौकट येते. खाडीकाठचा असला तर होडी आणि वल्हीसुद्धा. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी सिरियाक भाषेत लिहिलेल्या एका पोथीत हाच प्रश्न एका सुताराला विचारलेला आहे. तोही नांगर, जू, पराणी, होड्या, वल्ही, डोलकाठ्या अशी यादी सांगतो, आणि वर म्हणतो, दगडाचे खांब आणि राजवाडेही मी बांधतो.

हा सुतार म्हणजे येशूच्या बारा शिष्यांपैकी थोमा. पोथीचे नाव ‘थोमाची कृत्ये’. शिष्यांनी चिठ्ठ्या टाकून देश वाटून घेतले, तेव्हा थोमाच्या वाट्याला हिंदुस्थान आला. तो जायला तयार होईना. तिथली माणसं वेगळी, मला कसं जमणार, म्हणून अडून बसला. तेव्हा खुद्द येशूनेच त्याला हब्बान नावाच्या व्यापाऱ्याला गुलाम म्हणून विकून टाकले!

हब्बानने त्याला गुंदफर राजापुढे उभे केले. राजाने राजवाड्यासाठी पैसे दिले आणि तो दूर निघून गेला. थोमा ते पैसे गोरगरिबांना वाटत सुटला. मधेच राजाने विचारणा केली, काम कुठवर आले? याचे उत्तर, वाडा झाला, छप्पर तेवढे राहिले. राजाने छपरासाठी आणखी पैसे धाडले. तेही गेले त्याच वाटेने. राजा परतून पाहतो तो वाड्याचा एक चिराही नाही! थोमा तुरुंगात पडला. त्याच रात्री राजाचा भाऊ गाद वारला. देवदूतांनी त्याला स्वर्गात एक सुंदर वाडा दाखवला आणि हा तुझ्या भावाचा, असे सांगितले. गाद पुन्हा जिवंत झाला आणि भावाला म्हणाला, तुझा तो वाडा मला विकत दे. मग राजाचे डोळे उघडले.

तुम्हांला दामाजीपंत आठवले असतील. दुष्काळात मंगळवेढ्याचे कोठार उपाशी लोकांसाठी खुले करणारे ते दामाजीपंत. महिपतीने १७६२ साली ‘भक्तविजया’त ती कथा सांगितली. पण एक फरक पाहा. आपल्या कथेत विठ्ठल स्वतः विठू महार होऊन बेदरला जातो, पैसे भरतो, पावती घेतो. बादशहाचा हिशेब चोख होतो. थोमाच्या राजाला मात्र एक पैही परत मिळत नाही. मला तरी ते जास्त धीट वाटते.

वर्गात ही कथा सांगितली, तेव्हा एका मुलाने विचारले, “सर, हे खरं घडलं का?” शिक्षकबंधूंनो, हा प्रश्न तुम्हांलाही येईल, आणि तो टाळू नये. चर्चने ही पोथी बायबलात घेतली नाही. तिच्यात गाढवाचे शिंगरू बोलते, आणि नवराबायकोंनीही ब्रह्मचर्य पाळावे असा अतिरेकी उपदेश आहे. गुंदफर राजाही काल्पनिकच असणार, असे पुष्कळांना वाटे. पण १८३० नंतर अफगाणिस्तानात आणि पंजाबात जुनी नाणी सापडू लागली, त्यांवर ग्रीक आणि खरोष्ठी लिपीत त्याच राजाचे नाव निघाले. पेशावरजवळच्या तख्त-इ-बाहीच्या शिलालेखातही ते आहे. हा पार्थियन राजा इसवी सनाच्या पहिल्या शतकात गांधारात राज्य करीत होता.

यावरून थोमा त्याच्या दरबारी गेला, असे सिद्ध होत नाही. नाणे राजाची साक्ष देते, सुताराची नाही. केरळातले ख्रिस्ती थोमा आपल्याकडे इसवी सन ५२ मध्ये आला असे मानतात. ती परंपरा निराळी, तिचा तपासही निराळा करायला हवा.

हे सगळे मी त्या मुलाला सांगितले. त्याने थोडा विचार केला आणि विचारले, “पण सर, ते पैसे ज्यांना मिळाले, त्यांची नावं आहेत का पोथीत?”

नाहीत. एकाचेही नाही.