अर्ज, आर्ग्युमेंट आणि विभक्ति

कोल्हापूर जिल्ह्यांत तालुके बारा आहेत. शाळाप्रवेशाचा अर्ज संगणकाच्या पडद्यावर मांडावयाचा असून त्यांत तालुका निवडण्यासाठीं यादी हवी, असें समजा. पर्ल भाषेंतील स्क्रिप्ट ही यादी एका फंक्शनकडून तयार करून घेते. त्याला तीन गोष्टी क्रमानें पुरवाव्या लागतात : रकान्याचें नांव, तालुक्यांची यादी आणि आरंभीं निवडलेला तालुका. ह्यांस आर्ग्युमेंटें म्हणतात. करवीर, पन्हाळा, कागल इत्यादि नांवें एका गाठोड्यांत न बांधतां सुटीं दिलीं, तर यादीच्या पाटावर एकटा करवीर बसतो, निवडीच्या पाटावर पन्हाळा, आणि उरलेलीं नांवें परक्या जागा अडवितात. पदार्थ सारे उत्तम. बिघडली ती पंगत. आणि चंदगडच्या मुलीला आपला तालुका सांपडत नाहीं.

हा दोष मूळचा व्याकरणाचा आहे. इंग्रजींत कर्ता कोण आणि कर्म कोण, हें बहुधा स्थानावरून ठरतें. मराठींत 'रामानें रावणास मारिलें' हे शब्द कसेहि फिरविले, तरी रावण कांहीं रामास मारीत नाहीं. प्रत्यय त्यांस सांभाळतात. दादोबा पांडुरंग तर्खडकर ह्यांचें व्याकरण १८३६ सालीं प्रसिद्ध झालें, त्यांतील विभक्तिविचाराचें मर्म हेंच. पर्लचा कर्ता लॅरी वॉल हाहि भाषाशास्त्राचा अभ्यासक. लिंकन स्टाइन ह्यानें अर्ज रचण्यासाठीं केलेल्या सी.जी.आय. मॉड्यूलमध्यें प्रत्येक आर्ग्युमेंटास नांवाची चिठ्ठी लावतां येते. मग क्रम चुकला तरी अर्थ चुकत नाहीं.

परंतु केवळ चिठ्ठीवर विसंबूं नये. मोझिलाच्या 'बगझिला' ह्या दोषनोंदीच्या साधनांत २०१४ सालीं एक छिद्र उघडकीस आलें. खऱ्या नांवाचा रकाना अर्जांत एकदांच यावयाचा. तो कोणी मुद्दाम तीनदां पाठविला, तर फंक्शन तिन्ही मूल्यें परत करी. पहिलें नांव म्हणून लागे, दुसरें स्वतःच चिठ्ठी बने, आणि तिसरें त्या चिठ्ठीखालचा ई-मेल पत्ता. अशा रीतीनें परक्याच्या पत्त्यावर खातें उघडतां येई. दोषनोंदीच्या वहींतच दोष! तो त्याच वर्षीं दुरुस्त झाला.

२०१५ सालच्या पर्ल ५.२२ आवृत्तीपासून हें मॉड्यूल भाषेच्या मूळ संचांतून वगळण्यांत आलें. धडा मात्र शिल्लक आहे. यादी गाठोड्यांत बांधावी, आर्ग्युमेंटास नांव द्यावें, एकच मूल्य हवें तेथें एकच मागावें. आणि अर्ज लोकांपुढें ठेवण्यापूर्वीं बारा तालुके बोटांवर मोजून पाहावेत.