कोजागिरीची कॅसेट आणि बाईंचा ताळा

(दहावी 1995 च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता, 'एआय आपल्या नोकऱ्या खाणार का?' वर्गातली कॉम्प्युटरवाली म्हणून मी लगेच हो म्हटलं. तीन पानं लिहिली आणि फाडून टाकली. कारण लिहिता लिहिता आठवलं, की हा प्रश्न आपण सगळ्यांनी मिळून एकदा पाहिलेला आहे. 1992 ची कोजागिरी. आपण आठवीत होतो.

आठवलं का? आपल्यातल्या एकाच्या गच्चीवर मसाला दूध होतं आणि खालच्या खोलीत भाड्याने आणलेला व्हीसीआर. प्रत्येकी पाच रुपये वर्गणी, रात्रभरासाठी तीन कॅसेटी. दोन हिंदी होत्या. तिसरी दुकानदाराने 'इंग्लिश हॉरर, एकदम डेंजर' म्हणून गळ्यात मारलेली. तिचं नाव 'मॅक्झिमम ओव्हरड्राइव्ह'. चित्र इतकं मुंग्या-मुंग्यांचं, की अर्धी भीती त्या मुंग्यांचीच वाटत होती.

गोष्ट अशी : पृथ्वी एका धूमकेतूच्या शेपटीतून जाते आणि जगातली यंत्रं माणसांवर उलटतात. पूल आपोआप उघडतो, गाड्या घसरून पडतात. थंड पेयाचे डबे देणारं मशीन तोफेसारखे डबे मारून मुलांच्या कोचचा जीव घेतं. असलं मशीन आपल्यापैकी कुणीच पाहिलेलं नव्हतं. 'हा कोणता फ्रिज हाय बाप्पा?' असं कुणीतरी विचारलं आणि भीतीचा तो सीन हसण्यात गेला.

आणि तो ट्रक! पुढे भलामोठा हिरवा राक्षसाचा चेहरा लावलेला. अमेरिकेतल्या प्रेक्षकांना तो पाहून धडकी भरली असेल. आपल्याला काही वाटलंच नाही. बडनेरा रोडवरच्या निम्म्या ट्रकांवर राक्षसाचं तोंड, काळी बाहुली नाहीतर लिंबू-मिरची असायचीच. 'काहून घाबरता बे, नजर लागू नये म्हणून लावलं हाय,' असा खुलासा मागच्या रांगेतून आला. ज्याने तो केला तो आज इथे बसलेला आहे आणि मोठ्या पगारावर आहे.

पुढच्याच वर्षी 'झपाटलेला' आला. तात्या विंचूपुढे अमेरिकेचे ट्रक फिके पडले आणि आपण तो सिनेमा विसरून गेलो.

मी मात्र त्या रात्री मध्येच उठून गच्चीवर गेले होते. 'भित्री भागुबाई' म्हणून तुम्ही मला महिनाभर चिडवलंत. त्याचं कारण मी तेव्हा सांगितलं नाही, ते आज सांगते.

त्या सिनेमात गवत कापायचं एक यंत्र आहे. रक्ताने माखलेलं, चालवणारा कुणी नाही, आणि ते सायकलवरच्या एका पोराच्या मागे लागतं. ते पाहून मी उठले. त्याच्या तीन वर्षं आधी, गव्हाच्या हंगामात, मूर्तिजापूर तालुक्यातल्या आमच्या मामाचा उजवा हात थ्रेशरमध्ये गेला होता. मनगटापासून. रात्रीच त्याला अकोल्याला नेलं. घरात सगळे एकच वाक्य बोलायचे, 'मशीननं हात खाल्ला.' दहा वर्षांच्या मुलीला ते वाक्य जसंच्या तसं खरं वाटत होतं. माझ्यासाठी तो सिनेमा हॉरर नव्हताच, आमच्या आजोळची बातमी होती.

हे भाषण तयार करताना तो सिनेमा मी पुन्हा पाहिला. मुलगी नववीत आहे, तिला शेजारी बसवलं. वीस मिनिटांत ती म्हणाली, 'आई, तुम्ही याला घाबरलात?' खरंच, सिनेमा अगदी सुमार आहे. सगळी यंत्रं वेडी झालीत म्हणतात, पण नवपरिणीत जोडप्याची गाडी शहाण्यासारखी चालते. शेवटी माणसं शिडाच्या होडीत बसून एका बेटाकडे निघून जातात आणि पडद्यावर पाटी येते, की रशियाच्या उपग्रहाने एक उडती तबकडी पाडली, म्हणून सगळं थांबलं. आमच्या ऑफिसात कुणी अशी कारणमीमांसा लिहून दिली, तर मी ती परत पाठवीन.

हा सिनेमा 1986 चा. स्टीफन किंग या जगप्रसिद्ध भयकथालेखकाने आपल्याच 'ट्रक्स' या कथेवरून तो काढला, आणि स्वतः दिग्दर्शित केलेला त्याचा हा एकमेव सिनेमा. त्या दिवसांत आपण नशेच्या अमलाखाली होतो, हे पुढे त्यानेच कबूल केलं. त्या वर्षीच्या सर्वांत वाईट दिग्दर्शकाच्या पुरस्कारासाठी त्याला नामांकनही मिळालं होतं!

तरी एक प्रसंग यावेळी अंगावर आला. ट्रक एका पेट्रोलपंपाला वेढा घालतात. लष्करी गाडी हॉर्न वाजवून सांकेतिक भाषेत हुकूम सोडते, आम्हाला डिझेल भरा. आणि माणसं दिवसभर, हाताला फोड येईपर्यंत, रांगेने आलेल्या ट्रकांना डिझेल भरत राहतात. मी बाजूला पाहिलं. लेक चार्जर शोधत होती, माझ्या हातातला फोनही हॉर्नसारखा वाजत होता. दोघी हसलो, पण थोडंसंच.

मग मी त्या सिनेमाविषयी वाचायला घेतलं आणि एका जागी थांबले.

31 जुलै 1985. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात विल्मिंग्टनजवळ त्याच गवत कापायच्या यंत्राच्या प्रसंगाचं चित्रीकरण चालू होतं. यंत्र रिमोटवर चालत होतं. ते ताब्याबाहेर गेलं आणि कॅमेऱ्याखाली टेकू म्हणून ठेवलेल्या लाकडी ठोकळ्यावर आदळलं. ढलप्या उडाल्या आणि आर्मांडो नानुत्झी या इटालियन छायाचित्रकाराचा उजवा डोळा गेला. लुकिनो व्हिस्कॉन्तीसारख्या दिग्दर्शकाबरोबर काम केलेला हा माणूस. छायाचित्रकाराचा डोळा म्हणजे काय, ते मी सांगायला नको. कामाच्या जागी सुरक्षेची काळजी घेतली नाही म्हणून त्यांनी 1987 मध्ये किंगवर 1 कोटी 80 लाख डॉलरचा दावा लावला. तो पुढे कोर्टाबाहेर मिटला.

म्हणजे यंत्रं माणसांवर उलटतात अशा गोष्टीच्या चित्रीकरणात एका यंत्राने खरोखर माणसाचा डोळा घेतला. त्याला कोणताही धूमकेतू लागला नाही. फिरणारं पातं होतं, लाकडाचा ठोकळा होता आणि जवळ उभा असलेला माणूस होता.

ते वाचल्यावर मला मामाकडे जावंसं वाटलं. दिवाळीत अकोल्याला सासरी गेले होते, तिथून मूर्तिजापूर गाठलं. मामा आता पंचाहत्तरीला आलाय. इतक्या वर्षांत कुणी न विचारलेलं मी विचारलं, 'मामा, त्या रात्री नेमकं झालं काय होतं?'

थ्रेशर तुमच्यापैकी शेतीवाल्यांना ठाऊक आहे. आत दातेरी ड्रम फिरतो आणि वरच्या तोंडातून पेंढ्या सारायच्या असतात. त्या तोंडावर पत्र्याचं लांबट, वरून झाकलेलं नळकांडं असतं. पेंढी ड्रमापर्यंत जावी, पण माणसाचा हात पोचू नये, एवढंच त्याचं काम. देशभर थ्रेशरमध्ये इतके हात जात होते, की 1983 मध्ये संसदेने धोकादायक यंत्रांविषयी एक कायदाच केला. यंत्र सुरक्षित बनवायची जबाबदारी कारखानदारावर आली आणि जखमी होणाऱ्याच्या भरपाईची तरतूद झाली. म्हणजे मामाचा हात गेला तेव्हा कायदा येऊन सहा वर्षं झाली होती आणि पत्राही कंपनीने लावून दिलेला होता.

मामा म्हणाला, 'मशीन कायले खाईन व माय? थे त आपलं काम करत होतं. पत्रा म्याच काढला होता.'

आभाळ भरून आलं होतं. अवकाळीचा एक सडाका आला असता तर खळ्यावरचा गहू भिजला असता. मागे आणखी दोघांचा माल रांगेत होता आणि मोठ्या पेंढ्या त्या झाकणात अडकत होत्या. मामाने पाना घेतला, चार बोल्ट खोलले, पत्रा बाजूला ठेवला. काम दुपटीने पळायला लागलं. सगळे म्हणाले, 'आता कसं!' पहाटेच्या सुमारास एका दमट पेंढीबरोबर बाही ओढली गेली.

त्याने उठून डाव्या हाताने फळीवरचा एक डबा काढला. त्यात ते चार बोल्ट होते. छत्तीस वर्षं त्याने ते जपून ठेवलेत. दरवर्षी दसऱ्याला घरातल्या सगळ्या यंत्रांना हळद-कुंकू लागतं, तेव्हा या डब्यालाही लागतं, हे मला मामीने सांगितलं.

मला त्या घरात बसवेना, कारण असेच चार बोल्ट मीही खोललेले आहेत.

काही वर्षांपूर्वी मी एका कंपनीत पेन्शन वाटपाच्या सॉफ्टवेअरवर काम करत होते. पेन्शनरांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. दाखल्यावरचं नाव आणि रेकॉर्डमधलं नाव जुळलं नाही, तर ते नाव आधी एका यादीत जायचं. कर्मचारी फोन करून खात्री करायचे आणि मगच पेन्शन थांबायची की नाही ते ठरायचं. त्यात चार दिवस जायचे. मी सुचवलं, ही पायरी काढून टाकू. नाव जुळलं नाही की प्रोग्रॅमच पेन्शन थांबवील, चार दिवसांचं काम चार मिनिटांत. मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या. 'आता कसं!' म्हणाले, फक्त इंग्रजीत.

डिसेंबरात काही शे लोकांची पेन्शन थांबली. कुणाचं आडनाव आधी लिहिलेलं, कुणाच्या नावात एक काना जास्त. प्रोग्रॅम बिघडला नव्हता. सांगितलेलं त्याने तंतोतंत केलं होतं. तक्रारींचे रेकॉर्ड केलेले फोन आम्हाला ऐकायला दिले. त्यातला एक आवाज आपल्याकडचा होता. एक म्हातारी त्या कॉल सेंटरच्या पोराला समजावत होती, 'बापू, मी जित्ती हाये. माहा आवाज येऊन राह्यला ना तुले?'

ती पायरी आम्ही परत बसवली. त्याला दोन आठवडे लागले. तेवढ्या दिवसांत त्या आजीने औषधं उधारीवर आणली की आणलीच नाहीत, ते मला कधीच कळलं नाही. मला शिक्षा झाली नाही. उलट त्या वर्षी पगारवाढ मिळाली. हे मी आजवर घरीही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण आठवीतली भित्री भागुबाई तुम्ही पाहिलेली आहे.

तर संयोजक, तुमच्या प्रश्नाकडे येते. एआय नोकऱ्या खाणार का? मामाच्या भाषेत सांगायचं, तर मशीन कायले खाईन! काही नोकऱ्या जातील, हे मी नाकारत नाही. पण त्या कुणीतरी एका खोलीत बसून ठरवल्यामुळे जातील आणि त्या खोलीत माझ्यासारखीच कुणीतरी चांगल्या शाळेत शिकलेली बसलेली असेल. उद्या बँकेत, दवाखान्यात, सरकारी कचेरीत तुम्हाला कुणी म्हणालं, 'आम्ही काय करू, सिस्टीमच घेत नाही,' तर गप्प बसू नका. तिथला पत्रा कुणी काढला, ते विचारा. आणि पाना तुमच्या हातात असेल, तर आभाळ कितीही भरून आलं तरी जरा थांबा.

बाई, तुम्ही समोर आहात म्हणून शेवटचं. उत्तर बरोबर असलं तरी ताळा केला नाही म्हणून तुम्ही आमचा अर्धा गुण कापायचात. एकदा मी रडत तुमच्याकडे आले होते, की बाई, उत्तर तर बरोबर आहे! तुम्ही म्हणालात, ते तुला ताळा केल्याशिवाय कसं कळलं?

ती यादी, ते फोन, ते चार दिवस म्हणजे ताळाच होता, बाई. वेळ वाचावा म्हणून मी तो गाळला. तुम्ही माझा अर्धाच गुण कापत होतात. त्या म्हातारीची महिन्याची पेन्शन कापली गेली.

आता माझ्या हाताखाली आठ मुलं-मुली काम करतात. कुणी एखादी पायरी काढू या म्हणालं, की मी फळ्यावर एक शब्द लिहिते. त्यांच्यात दोघे केरळचे आहेत, एक बंगालची. पण 'ताळा' म्हणजे काय, ते आता सगळ्यांना कळतं.