काळी दोन आणि १२० चा ठोका

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचं शब्दांकन)

रेकॉर्डिंगचं जवळपास कुठलंही सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडलं की ते कुणाला न विचारता काही गोष्टी ठरवून टाकतं. लय मिनिटाला १२० ठोके. ताल चार-चारचा. टिकटिक करायला मेट्रोनोम तयार. गाणारा अजून खाकरलाही नाही, तोवर त्याच्या गाण्याची चौकट आखून झालेली असते. नारायणगावच्या एखाद्या मुरलेल्या ढोलकीवाल्यासमोर हा पडदा ठेवला, तर तो जे बोलेल ते या सभागृहात सांगण्यासारखं नाही.

नारायणगाव म्हणजे तमाशासम्राज्ञी विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं गाव. जत्रांचा हंगाम जवळ आला की इथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात. नारायणगावच्या या जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात गाणं कमी नाही. गावागावात भजनी मंडळ आहे, सप्ताह आहे, हलगी आहे. आता त्या मंडळातल्या कुणा तरुणाच्या हाती लॅपटॉप आला आहे आणि घरच्या घरी अभंग रेकॉर्ड करायचा आहे. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?’

उत्तर फार लांबवण्यात अर्थ नाही. हातात आयफोन किंवा मॅक असेल तर ॲपलचं गॅरेजबँड फुकट मिळतं. २००४ पासून ते आहे. अँड्रॉइड फोनवर बँडलॅब चालतं. साधा विंडोजचा लॅपटॉप असेल तर ऑडॅसिटी. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात दोघांनी ते सुरू केलं, २००० साली लोकांना खुलं केलं आणि आजही त्याला पैसे पडत नाहीत. एक आवाज, एक पेटी, नको तो भाग कापणं, एवढ्याला ते पुरून उरतं. पखवाज, टाळ आणि गायक यांना वेगवेगळे माईक लावून प्रत्येकाचा ट्रॅक स्वतंत्र हाताळायचा असेल, तर रीपर बरं. ते ६० दिवस वापरून पाहता येतं, घरगुती परवाना ६० डॉलरला मिळतो, आणि जुन्या लॅपटॉपलाही ते जड होत नाही. मित्राने पेनड्राइव्हवर दिलेल्या ‘क्रॅक’ प्रतीच्या वाटेला मात्र जाऊ नये; गाण्याबरोबर व्हायरसही घरात येतो.

निवडीपेक्षा मांडणीत जास्त लोक अडखळतात.

पहिलं काम मेट्रोनोम बंद करण्याचं. भजन संथ सुरू होतं आणि गजराला पोचेपर्यंत धावू लागतं. ती चढण १२० च्या खुंट्याला बांधली की भजनाची कवायत होते. कापलेला तुकडा आपोआप ठोक्याच्या रेघेला चिकटवणारी सोयही बंद करावी. दुसरी गंमत पट्टीची. आपल्याकडचा बुवा सांगतो, ‘काळी दोन.’ सॉफ्टवेअरच्या यादीत काळी दोन सापडत नाही. तिथे तिचं नाव डी शार्प. पांढरी एक म्हणजे सी आणि काळी एक म्हणजे सी शार्प, एवढं कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं की काम भागतं. सूर ‘दुरुस्त’ करणाऱ्या सोयीपासून मात्र नवख्याने लांब राहावं. ती प्रत्येक स्वर ओढून जवळच्या पट्टीवर नेऊन बसवते, त्यामुळे मींडेच्या घसरगुंडीचा जिना होतो.

मग आकडे. सॅम्पल रेट ४८ हजार, खोली २४ बिट. या हिशोबाने एका माईकचा ट्रॅक तासाला साधारण अर्धा जीबी जागा खातो. पातळी ठरवताना गायकाला हळू गुणगुणायला लावू नये. वाजवणाऱ्याला सगळ्यात जोरकस थाप मारायला लावावी आणि तेव्हाही मीटर उणे १० डेसिबलच्या आसपासच थांबेल असं पाहावं. ढोलकीची थाप एकदा फाटली की ती पुन्हा सांधता येत नाही.

हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येतो, ही नवख्यांची सगळ्यात मोठी तक्रार. दोष बहुधा ‘बफर’ नावाच्या आकड्याचा असतो. ४८ हजारांवर १०२४ चा बफर म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात आवाज हवेतून सात मीटर जातो; म्हणजे पखवाजवाला मंडपाच्या दुसऱ्या टोकाला बसवल्यासारखं झालं. जाताना आणि येताना असा दोनदा उशीर होतो, ते वेगळंच. गाताना बफर १२८ वर आणावा. हे अंतर एका मीटरच्या आत येतं. पुढे मिश्रण करताना तो पुन्हा वाढवला तरी चालतो. ब्लूटूथ हेडफोन कितीही भारी असला तरी गाताना कानाला वायरचाच लावावा.

आता खोली. पत्र्याखाली गायलं तर प्रत्येक ओळ भांड्यात पडल्यासारखी वाजते. भिंतींवर दोरी बांधून गोधड्या टाकाव्यात, माईक गादीच्या बाजूला तोंड करून ठेवावा. आंबेगावच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या अंगाला, पावसाळ्यात पत्र्याखाली रेकॉर्डिंगचा विचारच सोडून द्यावा. रात्री शांतता असते म्हणावं, तर शेतीची थ्री फेज लाईट पुष्कळदा नेमकी तेव्हाच येते आणि विहिरीवरची मोटार सुरू होते. लॅपटॉप चार्जरवर असताना बारीक घुंई ऐकू आली तर ती बहुधा वीजवाहिनीची ५० हर्ट्झची असते. घराचं अर्थिंग तपासून घ्यावं. ते होईपर्यंत चार्जर काढून बॅटरीवर गावं. निम्म्या वेळा एवढ्यानेच ती जाते.

आवाजाबद्दल इतकं काटेकोर राहणं कुणाला अतिरेक वाटेल. पण जुन्नर तालुक्यातल्या खोडदला आणि आसपासच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या तीस दुर्बिणी आकाशातले रेडिओ संकेत टिपत उभ्या आहेत. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी हा प्रकल्प इथे आणला, त्यामागे एक कारण हेही होतं की या भागात माणसांनी केलेला रेडिओ गोंगाट कमी होता. यंत्र उभारण्याआधी त्यांनी जागा ऐकली.

ध्वनिमुद्रणातही पुणे जिल्ह्याचं मोठं काम आहे, आणि ते स्टुडिओत झालेलं नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसोबत खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्या एक लाखाच्या वर गेल्या. त्यातल्या कित्येक बेर्नार बेल यांच्या मदतीने ध्वनिमुद्रित झाल्या, आणि २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहावर कुणालाही ऐकता येतात. त्या ऐकताना जात्याची घरघर येते, मागे कोंबडं आरवतं, आणि त्याने काही बिघडत नाही. ओवीसोबत ती गाणारीचं नाव आणि गाव मात्र नोंदलेलं असतं.

घरच्या लॅपटॉपवर नेमकं हेच राहून जातं. सॉफ्टवेअर फाईलला ‘अनटायटल्ड’ म्हणतं आणि महिनाभराने तशा चाळीस फायली होतात. आजीची कुठली आणि तालमीतली कुठली, ते ऐकल्याशिवाय कळत नाही. म्हणून रेकॉर्डचं लाल बटण दाबण्याआधी फाईलला नाव द्यावं: गाव, गाणाऱ्याचं नाव, तारीख, पट्टी. ‘घोडेगाव, आजी, १४ एप्रिल, काळी चार, पहिली ओवी.’