कौन्सिलच्या सभागृहात आपली खुर्ची



महाडच्या संगराची कथा आपण दर २० मार्चला आपल्या मुलांना सांगतो. तिचा एक भाग मात्र घाईने उरकतो. चवदार तळे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ साली केला होता. १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि त्याच वर्षी ४ ऑगस्टला त्याच नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला. न्यायालयातून अंतिम निकाल यायला १९३७ साल उजाडले. नगरपालिकेतील बहुमत काय करू शकते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असावे?

तरीही या देशात आपण कौन्सिलला कचऱ्याच्या डब्यांपुरतेच ओळखतो. लंडनमधील १०, किंग हेन्रीज रोड हे बाबासाहेबांचे १९२१-२२ मधील निवासस्थान महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले. राहत्या घराचे स्मारक करायचे तर स्थानिक कौन्सिलची परवानगी लागते. कॅम्डेन कौन्सिलने ती २०१८ मध्ये नाकारली; राहण्याची जागा कमी होते, हे कारण दिले. अपील झाले, जाहीर चौकशी झाली, तेव्हा कोठे मार्च २०२० मध्ये मंत्र्यांनी मान्यता दिली. कौन्सिलने आकसाने असे केले, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ते घर कोट्यवधी माणसांना काय आहे, हे जिथे पहिला निर्णय होतो तिथेच सांगणारा आपला माणूस असता तर बरे झाले असते. आज कॅम्डेनमध्ये सामावलेल्या सेंट पँक्रासमध्ये कृष्ण मेनन १९३४ ते १९४७ या काळात नगरसेवक होते आणि तेथील ग्रंथालयांसाठी त्यांनी केलेल्या कामाची नोंद आहे. म्हणजे वाट नवी नाही.

आणि ती फारशी बिकटही नाही. इंग्लंडमध्ये कौन्सिलची निवडणूक लढविण्यास ब्रिटिश पारपत्रच हवे, असे नाही. कायम वास्तव्याची परवानगी असलेला भारतीय नागरिकही राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून उभा राहू शकतो. वय १८ पूर्ण हवे, त्या भागाच्या मतदारयादीत नाव किंवा वर्षभराचे वास्तव्य वा नोकरी हवी. अनामत रक्कम नाही. पूर्वी दहा मतदारांच्या सह्या लागत; आता सूचक व अनुमोदक अशा दोन पुरतात. खरी कसोटी पक्षाची उमेदवारी मिळविण्यात आहे. त्यासाठी आधी सभासद व्हावे लागते, पावसात दारोदार पत्रके वाटावी लागतात आणि कंटाळवाण्या बैठकांना बसावे लागते.

आम्हांला हे उशिरा कळले. रविवारच्या वंदनेला येणाऱ्या मोटारींबद्दल शेजाऱ्यांनी तक्रार केली, तेव्हा विहाराचा अर्ज समितीपुढे गेला. आम्ही चाळीसजण प्रेक्षकांच्या बाकांवर बसलो होतो. आमच्या बाजूने बोलायला तीन मिनिटे मिळाली आणि समितीतील एकाही सदस्याला आम्ही नावाने ओळखत नव्हतो. रिपब्लिकन पक्षाचे गट मात्र आमच्यापैकी प्रत्येकाला तोंडपाठ!

त्यानंतरच्या निवडणुकीत आमच्यातील एक भगिनी उभ्या राहिल्या. त्या पडल्या. पण मते मागताना त्या ज्या दारांशी गेल्या, त्यांतल्या काही घरांतील माणसे पुढच्या बुद्धजयंतीला विहारात खीर खायला आली. भगिनी पुन्हा उभ्या राहणार आहेत. यंदा सूचक म्हणून सही करणारे गृहस्थ तक्रार करणाऱ्या त्याच रस्त्यावर राहतात.

मतदार नोंदणीचे अर्ज सभागृहाच्या दाराशी मेजावर ठेवले आहेत. भोजनापूर्वी भरून द्यावेत, ही विनंती.