ओझें ओढणारें इंजिन



मोटारीच्या इंजिनावर भाषण आहे असें ऐकतांच कांहीं घरांतून रेडिओ बंद करण्यासाठीं हात पुढें गेला असेल. त्यांना विनंति एवढीच कीं, थोडें थांबावें. आजच्या विषयांत पान्हे आणि ग्रीस असलें तरी मूळ प्रश्न प्रत्येक घरांतला आहे. दुकानदार जें महाग तें उत्तम म्हणून पुढें करतो. तें आपल्या कामाचें आहे कीं नाहीं हें कसें ओळखावें?

वर्धा जिल्ह्यांत, आर्वी तालुक्यांत रोहणा नांवाचें गांव आहे. पुलगांवहून आर्वीला पूर्वीं अरुंद मापाची आगगाडी जात असे, तिच्या वाटेवरचें हें गांव. ती गाडी बंद पडली आणि आतां सारी ने-आण रस्त्यानेंच होते. तेथील एक कास्तकार माझे स्नेही आहेत. त्यांच्या आजोबांनीं दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या शिलकी सामानांतून एक विलिस जीप घेतली होती. ती त्या घरीं अजून चालती आहे. कापसाच्या मोठ्या खेपा आतां डिझेलच्या गाड्यांतून जातात. परंतु हंगामाची पहिली आणि शेवटची खेप जीपला लहान ट्रॉली जोडूनच जिनिंगला न्यावयाची, असा त्या घराचा परिपाठ आहे. हा हट्ट आहे असें कोणी म्हणेल. मला तो आवडतो.

दोन वर्षांपूर्वीं हें इंजिन झिजून धूर टाकूं लागलें. घरच्या तरुण मुलानें तें एका मोठ्या शहरांतील कारखान्यांत पाठविलें. तेथें शर्यतीच्या गाड्यांचीं इंजिनें तयार करतात. इंजिन परत आलें तें नवा कॅमशाफ्ट घालून आणि हेड घासून, म्हणजे दाब वाढवून. रिकामी जीप पूर्वीं कधीं धांवली नव्हती अशी धांवूं लागली. सारें घर खूष झालें.

मार्चअखेर फरदडीचा कापूस निघाला. ट्रॉलींत सुमारें सहा क्विंटल कापूस आणि वर दोन मजूर बसलेले. गांवाबाहेर एका नाल्यापुढें लहानशी चढण आहे, बैलबंडीसुद्धां सहज चढते अशी. अर्ध्या चढणीवर इंजिन गुदमरलें आणि बंद पडलें. ट्रॉलीला ब्रेक नव्हता. तिच्या भारानें जीप मागें सरकूं लागली. मजुरांनीं उड्या टाकल्या, आणि बांधावरच्या एका पोरानें धांवत येऊन चाकाखालीं धोंडा सारला म्हणून पुढचें टळलें. सहा क्विंटलांच्या ट्रॉलीला ब्रेक नसावा ही गोष्ट इंजिनाच्या कोणत्याही चर्चेहून मोठी आहे, हें येथेंच सांगून ठेवतों.

दुसऱ्या दिवशीं गांवच्या मिस्त्रीनें, शक्ति वाढावी म्हणून, ठिणगीची वेळ अलीकडे आणली. आतां त्याच चढणीवर इंजिन बंद पडेना. पण डब्यांत खडे हलवावे तसा आवाज करूं लागलें आणि रेडिएटरचें पाणी उकळलें. कारखान्याला दूरध्वनि केला तेव्हां उत्तर मिळालें कीं, या इंजिनाला शंभर ऑक्टेनचें पेट्रोल घाला. मग स्नेह्यांचा मला दूरध्वनि आला, "सर, पुन्याहून शंभर नंबरचं पेट्रोल बलावलं तं जमन काय?"

या प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं आधीं ऑक्टेन म्हणजे काय तें पाहूं. सिलिंडरांत पेट्रोलची वाफ आणि हवा दाबली जाते, ठिणगी पडते आणि ज्वाला एका टोंकाकडून दुसऱ्या टोंकाकडे पसरत जाते. दट्ट्याला बसणारा रेटा या क्रमाक्रमानें होणाऱ्या ज्वलनाचा असतो. परंतु दाब आणि उष्णता फार झाली, तर ज्वाला पोहोंचण्यापूर्वींच कोपऱ्यांतलें मिश्रण आपोआप भडकतें. तोच तो खड्यांचा आवाज. तो चालूं दिला तर दट्ट्याला भोंक पडेपर्यंत मजल जाते. पेट्रोल असें आपोआप भडकण्याला किती विरोध करतें याचें माप म्हणजे ऑक्टेन. आयसो-ऑक्टेन या द्रवाला शंभर आणि हेप्टेनला शून्य गुण देऊन ही मोजपट्टी आंखलेली आहे. चुलींत ओलसर लांकूड उशिरां पेटतें म्हणून त्याची आंच अधिक असते असें कोणी म्हणत नाहीं. त्याप्रमाणें ऑक्टेन अधिक म्हणजे शक्ति अधिक, असें नाहीं. ज्या इंजिनांत आवाज होतच नाहीं, त्यांत महाग पेट्रोल ओतल्यानें पंपवाल्याचाच लाभ होतो.

इंडियन ऑइलनें डिसेंबर २०२० मध्यें शंभर ऑक्टेनचें पेट्रोल विकावयास काढलें, तें प्रथम दहा शहरांत. मुंबई-पुणें त्यांत होतीं. तें अतिशय दाबाच्या, महागड्या गाड्यांसाठीं आहे. विलिसचें जुनें इंजिन सिलिंडरांतली हवा साडेसहापटींहून किंचित् कमी दाबतें. नेमका आंकडा ६.४८ आहे. आजच्या पेट्रोल-मोटारींत हा आंकडा दहा-अकरापर्यंत असतो आणि त्याही साध्या पेट्रोलवर चालतात. मग रोहण्याच्या जीपला शंभराची गरज कां भासावी? कारण दुखणें पेट्रोलचें नव्हतेंच.

तें होतें कॅमशाफ्टमध्यें. कॅमशाफ्ट हा एक दांडा. त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. इंजिनाच्या दोन फेऱ्यांत हा एकदां फिरतो आणि उंचवटे झडपा उघडतात. झडप केव्हां उघडावी, किती उंच उचलावी आणि केव्हां मिटावी, हें सारें त्या उंचवट्यांच्या घडणींत ठरलेलें असतें.

नाटकगृहाच्या दाराची कल्पना करा. घंटा झाल्यावरही दार बराच वेळ उघडें ठेवलें आणि बाहेर गर्दीचा लोंढा असला, तर घंटेनंतरही माणसें आंत शिरतात व नाटकगृह ठेंचून भरतें. पण गर्दी विरळ असेल तर त्याच उघड्या दारांतून आंतलीं माणसें परत बाहेर जातात. हवेचेंही तसेंच आहे. मूळ विलिस इंजिनांत दट्ट्या तळाला जाऊन वर येऊं लागल्यावर सुमारें ५० अंशांनीं आंत घेणारी झडप मिटते. शर्यतीच्या कॅमशाफ्टमध्यें ती त्याहून बरीच उशिरां मिटते. मिनिटाला चार-पांच हजार फेऱ्या असतां हवेला वेग असतो. ती उशिरांपर्यंत आंत घुसत राहते आणि शक्ति वाढते. परंतु चढणीवर इंजिन पंधराशें फेऱ्यांवर आलें असतां वर येणारा दट्ट्या घेतलेली हवा त्याच झडपेंतून परत ढकलतो. सिलिंडर अर्धाच भरतो. रिकामी जीप सपाट रस्त्यावर धांवली आणि भरली ट्रॉली नाल्यावर अडली, याचें कारण एकच.

आंकड्यांत सांगावयाचें तर, विलिस इंजिनाची कमाल शक्ति ६० अश्वशक्ति, ती ४००० फेऱ्यांवर. परंतु त्याचा कमाल पीळ, म्हणजे दांड्याला मिळणारा रेटा, १०५ फूट-पौंड आहे आणि तो २००० फेऱ्यांवरच मिळतो. चार हजार फेऱ्यांवर गणित केलें तर पीळ ७९ च्या आसपास उरतो. दोन हजार फेऱ्या म्हणजे वरच्या गिअरमध्यें ताशीं सुमारें ५५ किलोमीटर. चढणीवर वेग उतरतो तेव्हां पीळ वाढावा आणि गाडी स्वतः सांवरावी, अशी ही रचना आहे. लष्करानें या गाडीमागें लहान तोफा जोडल्या त्या उगीच नव्हेत. ओझें ओढणाऱ्यानें जाहिरातींतील अश्वशक्तीचा आंकडा वाचूं नये. कमाल पीळ किती फेऱ्यांवर आहे तें विचारावें.

आतां कॅमशाफ्ट आणि पेट्रोल यांचें नातें लक्षांत येईल. शर्यतीच्या कॅमशाफ्टनें खालचा पीळ गेला. तो भरून काढण्यासाठीं कारखान्यानें हेड घासून दाब वाढविला. तेवढ्यानें भागेना म्हणून मिस्त्रीनें ठिणगी अलीकडे आणली. त्यांत मार्चचें ऊन, अडखळत ओढणारें इंजिन आणि बाजूला झडपा असलेली जुनी, पसरट हेडची रचना, जींत ज्वालेला कोपऱ्यापर्यंत लांब जावें लागतें. आवाज होणारच. शंभर ऑक्टेननें तो कदाचित् थांबला असता. चढण मात्र चढली नसती, कारण आवाज थांबल्यानें सिलिंडरांत हवा येत नाहीं. एका चुकीवर दुसरी आणि दुसरीवर तिसरी थापली होती. चौथी दर लिटरमागें मोजावी लागली असती.

याची उलट बाजूही सांगितली पाहिजे. लवकर मिटणाऱ्या झडपेचा कॅमशाफ्ट कमी फेऱ्यांवर सिलिंडर नीट भरतो, म्हणजेच त्या वेळीं आंतला दाबही वाढवितो. इंजिन मुळांतच जास्त दाबाचें असेल तर ओझें ओढतांना त्याला खरोखर वरच्या ऑक्टेनचें पेट्रोल लागूं शकतें. म्हणून काम काय, हें प्रथम ठरवावें; त्यावरून कॅमशाफ्ट, त्यावरून दाब, आणि पेट्रोल शेवटीं. आमच्या स्नेह्यांच्या घरीं हा क्रम नेमका उलटा झाला.

मीं मूळ मापाचा कॅमशाफ्ट आणि न घासलेलें हेड शोधावयास सांगितलें. जुन्या जीपांचे शौकीन पुष्कळ आहेत, त्यामुळें दोन्हीं वस्तु मिळाल्या. ठिणगी मूळ खुणेवर आली. पेट्रोल कोपऱ्यावरच्या पंपाचेंच.

त्या पेट्रोलविषयीं मात्र दोन गोष्टी. भारतांत १ फेब्रुवारी २००० पासून शिशाचें पेट्रोल बंद झालें. तें योग्यच झालें, कारण शिसें मुलांच्या मेंदूला विष आहे. परंतु तें शिसें जळाल्यावर धूर सोडणाऱ्या झडपांच्या बैठकींचें झिजण्यापासून रक्षण करीत असे. जुन्या इंजिनानें ओझें ओढावयाचें असेल तर हेड उघडलें असतां बैठकी कठीण पोलादाच्या आहेत कीं नाहींत हें पाहून घ्यावें. दुसरी गोष्ट इथेनॉलची. आतां पंपावर बहुतेक ठिकाणीं वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल मिळतें. इथेनॉलनें ऑक्टेन वाढतें, हा आपला फुकटचा लाभ. पण एका लिटर इथेनॉलांत पेट्रोलच्या सुमारें दोन तृतीयांशच ऊर्जा असते, तें जुन्या रबरी नळ्या कुरतडतें आणि ओलावा ओढून घेतें. कार्बोरेटरही पूर्वीच्याच मापावर ठेवला तर मिश्रण पातळ होऊन इंजिन तापतें. म्हणून स्नेह्यांनीं नळ्या बदलल्या आणि जेट किंचित् मोठा बसविला.

डिझेलच्या गाड्या असणारांनीं हें ऑक्टेनचें प्रकरण आपल्याला लावून घेऊं नये. डिझेल आपोआप पेटावें लागतें. तेथें सीटेन नांवाचा उलट्या अर्थाचा गुण चालतो. कॅमशाफ्टचा न्याय मात्र तेथेंही पुष्कळसा हाच.

गेल्या दसऱ्यानंतर पहिल्या वेचणीचा कापूस घेऊन जीप निघाली तेव्हां मी रोहण्यास होतों. ट्रॉलीला आतां ब्रेक आहे. नाल्याच्या चढणीवर मुलानें दुसरा गिअर घातला, इंजिनाचा आवाज जरा खालीं उतरला आणि तेथेंच ठरला, आणि गाडी वर गेली. शर्यतीचा तो कॅमशाफ्ट कारखान्यानें परत घेतला नाहीं. तेल लावून, जुन्या धोतरांत गुंडाळून तो माळ्यावर ठेवला आहे.